आयरिश लोकगीतं यंत्रात शिरली तेव्हा

तुम्ही गाणी कुठे म्हणायचात, असं बेस क्रोनिन यांना विचारलं तेव्हा त्यांनी भलीमोठी यादी सांगितली. लग्नांत, घरगुती बैठकांत, गोठ्यात गाईंचं दूध काढताना, कपडे धुताना, घर झाडताना, गुरांसाठी कोबीची पानं खुडताना, शेतात बटाट्याचं बेणं लावताना. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क काउंटीत बॉलीवूर्नी नावाचा भाग आहे, तिथे त्या राहायच्या. जन्म १८७९ चा, मृत्यू १९५६ चा. जवळपास दोनशे गाणी त्यांना तोंडपाठ होती. काही आयरिश भाषेतली, काही इंग्रजी, काही दोन्ही भाषा एकमेकींत गुंफलेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर आयरिश लोकगीतं गोळा करायला निघालेली बरीच नामवंत मंडळी यंत्र घेऊन त्यांच्या घरी येऊन गेली.

ती ध्वनिमुद्रणं आज ऐकायला मिळतात. आवाज उतारवयातला आहे, पण स्वर आणि शब्द जागच्या जागी आहेत. गोठा मात्र त्यात नाही, धुणं नाही, बटाट्याचं शेत नाही. पाहुण्याने विनंती केली, बाई मायक्रोफोनसमोर बसल्या आणि गायल्या. गाणं तेच, पण त्याभोवतीचं सगळं काम गळून पडलेलं.

लोकगीताचं ध्वनिमुद्रण ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एका माणसाने, एका दिवशी, एका यंत्रापुढे, एका विशिष्ट पाहुण्यासाठी म्हटलेलं ते त्या गाण्याचं एक रूप असतं. यंत्र कोणतं होतं, त्यात किती मिनिटं मावत होती, ते किती जड होतं, त्याचा खर्च कोण करत होतं आणि कशासाठी, यावर काय टिकलं आणि काय गळालं हे ठरलं. आयर्लंडमध्ये ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण तिथे कागदापासून मेणापर्यंत आणि मेणापासून चुंबकीय फितीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी गाणी टिपत होतं.

आधी हे गाणं मुळात कसं असतं ते पाहू. आयरिश भाषेतल्या जुन्या वळणाच्या गायकीला शॅन-नोस म्हणतात. गायक एकटा गातो. साथीला वाद्य नसतं, तालाचा ठेकाही नसतो. शब्दांच्या ओघाप्रमाणे लय पुढेमागे होते, आणि स्वरांमध्ये मुरक्या, हरकती, लांबवलेल्या जागा येतात. पहिल्या कडव्यात जी हरकत घेतली ती दुसऱ्या कडव्यात तशीच येईल असं नाही; बहुतेकदा येत नाहीच. पश्चिमेकडच्या कॉनमारात ही नक्षी दाट असते, उत्तरेकडच्या डोनेगॉलमध्ये गाणं जास्त सरळ जातं, दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची ढब आणखी निराळी. गाताना कुणी शेजारी बसून गायकाचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या ओघाबरोबर तो हळूहळू गोल फिरवत राहतो. ऐकणारे मधूनच दाद देतात. इंग्रजी गाण्यांत पुष्कळदा शेवटचे शब्द न गाता नुसते बोलून टाकायची पद्धत आहे. तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की गाणं संपलं आणि माणूस परत माणसांत आला.

हे सगळं कागदावर उतरवायचं म्हटलं की अडचण कुठे येते ते सहज कळेल. १७९२ मध्ये बेलफास्टमध्ये हार्पवादकांचा एक मेळावा झाला. जुन्या परंपरेतले शेवटचे वादक एकत्र आणावेत आणि त्यांचं संगीत लिहून घ्यावं असा हेतू होता. लिहून घ्यायला बसवलं एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला. वादकांमध्ये डेनिस हेम्पसन हे नव्वदी ओलांडलेले, अंध, अजूनही नखांनी तारा छेडणारे गृहस्थ होते. बंटिंग यांनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला वाहिलं आणि १७९६, १८०९ आणि १८४० मध्ये तीन संग्रह काढले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनी चाली पियानोवर वाजवण्याजोग्या करून छापल्या, कारण विकत घेणाऱ्यांच्या दिवाणखान्यात पियानो होता. गाण्यांचे शब्द मिळवायला १८०२ मध्ये पॅट्रिक लिंच यांना कोनाक्ट प्रांतात पाठवलं. त्यांनी आयरिश शब्द गोळा करून आणलेही, पण १८०९ च्या संग्रहात ते छापलेच गेले नाहीत. त्यांच्या जागी इंग्रजी कविता आल्या. चाल एकीकडे, शब्द दुसरीकडे. अभ्यासकांना पुढे दीडशे-दोनशे वर्षं त्यांची मोट बांधत बसावं लागलं.

त्यानंतर मेण आलं. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये एक कर्णा, कर्ण्याच्या तळाशी एक पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि तिच्याखाली फिरणारी मेणाची नळी असते. माणूस कर्ण्यात गातो, पडदा थरथरतो, सुई मेणात चर कोरते. पुन्हा त्याच चरातून सुई फिरवली की आवाज परत येतो. यात वीज कुठेच नाही. आवाजात स्वतःचा जेवढा जोर असेल तेवढाच मेणावर उमटतो. त्यामुळे गायकाला तोंड कर्ण्याशी नेऊन ठणठणीत आवाजात गावं लागे, आणि घरच्या चुलीपाशी बसून मंद आवाजात गाणाऱ्या माणसाची खासियत तिथेच अर्धी हरवे. एका नळीत दोन-तीन मिनिटं मावत. वीस कडव्यांच्या कथागीताची त्यात पाच-सहा कडवी आली तरी खूप. शिवाय नळी जितक्या वेळा वाजवाल तितकी झिजते, आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. आयर्लंडच्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको.

आणखी एक भानगड वेगाची. नळी घड्याळासारख्या स्प्रिंगवर फिरे आणि वेग नेहमी सारखा राहत नसे. आज ती नळी जरा जलद फिरवली तर गायिका तरुण वाटते, जरा हळू फिरवली तर पुरुषाचा आवाज येतो. मूळ स्वर कोणता होता हे ठरवायला काही संग्राहक गाण्याआधी स्वरशिट्टी फुंकून एक ठरलेला स्वर नोंदवून ठेवत. ज्यांनी तसं केलं नाही त्यांच्या नळ्यांचं रूपांतर करताना आजचा तंत्रज्ञ अंदाजानेच चालतो.

तरीही या नळ्यांचं मोल कमी होत नाही. डब्लिनमध्ये १८९७ पासून भरू लागलेल्या फेश क्योल या संगीत स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळात काही पारंपरिक कलाकारांचे आवाज आणि वादन नळ्यांवर घेतलं गेलं. फादर रिचर्ड हेनेब्री यांनी १९०५ च्या सुमारास दक्षिणेत गाणी मुद्रित केली. व्हिएन्नाच्या ध्वनिसंग्रहालयासाठी रुडॉल्फ ट्रेबिच १९०७ मध्ये आयर्लंडला येऊन गेले. तिकडे शिकागोत पोलीसप्रमुख असलेले फ्रान्सिस ओ'नील हे मूळचे कॉर्कचे. स्थलांतरित आयरिश वादकांकडून त्यांनी १८५० चाली जमवून १९०३ मध्ये छापल्या आणि नळ्यांवरही वादन टिपलं. एवढं मोठं काम परदेशात झालं याचं कारण सरळ आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि माणसांबरोबर गाणीही गेली.

१९२८ ते १९३१ या काळात बर्लिनचे विल्हेल्म डोगेन आयरिश सरकारच्या बोलावण्यावरून आले आणि त्यांनी १७ काउंट्यांतल्या १३७ जणांचे आवाज तबकड्यांवर घेतले. हेतू मुख्यतः भाषेचा होता, संगीताचा नव्हता. गाणी आहेत, प्रार्थना आहेत, गोष्टी आहेत, आणि बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट अनेकांच्या तोंडून आहे, म्हणजे बोलींची तुलना करता यावी. मराठी वाचकाला हा उधळ्या पुत्र ओळखीचा वाटेल. भारतातल्या भाषांची पाहणी करताना जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने याच गोष्टीवरून घेतले होते, आणि ग्रिअर्सन स्वतः डब्लिन काउंटीत जन्मलेले. डोगेन यांनी तर पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या छावण्यांतल्या हिंदुस्थानी युद्धकैद्यांचेही आवाज टिपले होते. आयर्लंडमधल्या त्यांच्या तबकड्यांत टिरोन, आर्मा, अँट्रिम इथल्या आयरिश बोली आहेत. त्या बोली मातृभाषा म्हणून बोलणारं आज कुणीही उरलेलं नाही.

स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग स्थापन केला. प्रमुख होते शेमस ओ डुइलार्गा. पूर्णवेळ पगारी संग्राहक नेमून खेडोपाडी पाठवायचे, त्यांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून सगळं लिहून आणायचं, अशी ही योजना. जगात इतक्या चिकाटीने चाललेली अशी कामं थोडी आहेत. संग्राहकांकडे एडिफोन नावाचं यंत्र असे. हे मुळात कचेरीत साहेबाचं पत्र सांगून घेण्यासाठी बनवलेलं, मेणाच्या नळीवर चालणारं, उचलताना दमछाक करणारं. संग्राहक ते डोंगरवाटांनी घरोघर वाहून नेत, नळीवर गोष्ट किंवा गाणं घेत, मग घरी येऊन ऐकत ऐकत शब्दन् शब्द वहीत उतरवत. वही आणि नळ्या डब्लिनला जात. तिथे वही जपून ठेवली जाई आणि नळीवरचं मेण यंत्राने तासून, पाटी पुसावी तशी कोरी करून नळी पुन्हा संग्राहकाकडे पाठवली जाई.

हे वाचताना पोटात खड्डा पडतो. हजारो आवाज असे तासले गेले. पण आयोगाला दोष देण्याआधी त्यांचा हिशेब पाहावा. पैसा तुटपुंजा होता, नळ्या महाग होत्या, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे ऐवज म्हणजे शब्द. आवाज हे शब्दापर्यंत पोचण्याचं साधन. गोष्टीच्या बाबतीत ही समजूत निम्मीअर्धी तरी चालून जाते, गाण्याच्या बाबतीत मात्र ती अगदीच तोकडी पडते. गाण्याचे शब्द कागदावर आले तरी गाणं येत नाही. ही उणीव आयोगालाही जाणवली असणार, कारण १९४२ मध्ये त्यांनी खास संगीतासाठी एक माणूस नेमला.

त्यांचं नाव शेमस एनिस. वय तेवीस. डब्लिनजवळ वाढलेले, वडिलांकडून इलन पाइप्स हे कोपराने भात्यात हवा भरून वाजवायचं आयरिश वाद्य शिकलेले, चाल एकदा ऐकून स्वरलिपीत उतरवण्याची तयारी असलेले. महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळत नव्हतं. एनिस यांना मिळाली सायकल, कागद आणि पेन. ध्वनिमुद्रणाचं यंत्र सायकलवर न्यायचं कसं? म्हणून संग्राहक स्वतःच यंत्र झाला. आधी शब्द लिहून घ्यायचे, मग चाल, मग ती वाजवून किंवा म्हणून दाखवायची, गाणाऱ्याने मान डोलावली की पक्की करायची.

गॉलवे काउंटीतल्या ग्लिन्स्क गावात कोलम ओ कीऑन नावाचे मासेमारी आणि थोडी शेती करणारे गृहस्थ होते. एनिस यांनी त्यांच्याकडून २१२ गाणी आणि इतर गोष्टी लिहून घेतल्या. कुणा एका माणसाकडून त्यांना इतकं कधी मिळालं नाही. आकड्यापेक्षा ते मिळालं कसं ते मला मोलाचं वाटतं. एनिस कोलमबरोबर कामाला जात, गवत आवरायला हात लावत, आणि काम करता करता कोलमला एखादं विसरलेलं गाणं आठवे. त्या त्या भागाची बोली बोलण्यात एनिस तरबेज होते. आल्या आल्या वही न उघडता आधी पाइप किंवा बासरी वाजवून दाखवत. ज्याने स्वतः काही दिलं त्याला लोक देतात. संग्राहक आणि गायक यांच्यातला हा व्यवहार कागदावर दिसत नाही, फितीवर कधीकधी ऐकू येतो.

१९४७ हे वळणाचं वर्ष. युद्ध संपलेलं, आयरिश रेडिओने फिरतं ध्वनिमुद्रण पथक सुरू केलं आणि एनिस तिकडे गेले. लंडनहून बीबीसीचे ब्रायन जॉर्जही त्याच वर्षी आले. आता यंत्र गाडीत बसवलेलं होतं आणि लाखेसारखा थर दिलेल्या तबकडीवर थेट कोरणी चाले. एका बाजूला काही मिनिटंच मावत, त्यामुळे लांब गाण्याची कात्री सुटली नव्हती. खेड्यांत वीज यायची होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब १९४६ च्या नोव्हेंबरात उभा राहिला. त्यामुळे गाडी घराबाहेर उभी, यंत्र बॅटरीवर, आणि मायक्रोफोनची लांबलचक तार दारातून थेट स्वयंपाकघरात, असं दृश्य गावोगाव दिसे. आपला शेजारी पुढे रेडिओवर ऐकू आला की त्या गाण्याकडे पाहायची गावाची नजर बदले. मागासलेपणाची खूण समजलं जाणारं गाणं अचानक प्रतिष्ठेचं झालं. मला वाटतं, रेडिओने जेवढी गाणी वाचवली त्याहून जास्त या बदललेल्या नजरेने वाचवली.

१९५१ च्या जानेवारीत अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स चुंबकीय फितीचं यंत्र घेऊन आले, बरोबर गायिका रॉबिन रॉबर्ट्स, आणि वाटाड्या म्हणून एनिस. फितीने दोन गोष्टी साधल्या. वेळेचं बंधन सुटलं, म्हणून सबंध गाणं आलं. आणि गाणं संपल्यावर फीत फिरतीच ठेवता आली, म्हणून गप्पा आल्या: हे कुणाकडून शिकलात, याचा अर्थ काय, पूर्वी हे कधी म्हणत. बेस क्रोनिन या प्रवासातही भेटल्या. डोनेगॉलमध्ये किटी गॅलाघर यांनी मृताच्या उशाशी बसून बायका करत त्या विलापाचा नमुना गाऊन दाखवला. हा विलाप मुद्रणांत फार थोडा सापडतो आणि जो सापडतो तो मृताविना, पाहुण्यासाठी करून दाखवलेला. खऱ्या मयताच्या घरी यंत्र लावणार कोण? आणि लावू नये हेच बरोबर होतं.

लोमॅक्स यांच्यापाठोपाठ केंटकीच्या गायिका जीन रिची आल्या. त्यांच्या घराण्यात गायली जाणारी जुनी गीतं समुद्रापलीकडे अजून कोण म्हणतं ते त्यांना शोधायचं होतं. सिडनी रॉबर्टसन कॉवेल अरान बेटांवर गेल्या आणि त्यांची तबकडी १९५७ मध्ये निघाली.

आतापर्यंत सांगितली ती संग्राहकांची बाजू झाली. व्यापारी तबकड्यांची कथा जवळजवळ उलट्या दिशेने चालते. न्यूयॉर्कमध्ये एलन ओ'बर्न डेविट या आयरिश बाईंचं दुकान होतं. गिऱ्हाईक आयरिश नाचाच्या चालींच्या तबकड्या मागत आणि बाजारात त्या नव्हत्या. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीला गळ घातली: तुम्ही काढा, ५०० प्रती मी उचलते. एक बॅन्जोवाला आणि एक अकॉर्डियनवाला त्यांच्या मुलाने शोधून आणला, तबकडी निघाली आणि खपली. मग रीघ लागली. स्लायगो काउंटीतून अमेरिकेत गेलेले फिडलवादक मायकल कोलमन यांनी १९२१ ते १९३६ मध्ये सुमारे ऐंशी चाली मुद्रित केल्या. त्या तबकड्या पार्सलांतून आयर्लंडला परतल्या आणि दुसऱ्या काउंट्यांतली मुलंही स्लायगोच्या ढंगात वाजवू लागली. एका प्रदेशाची ढब साऱ्या देशाची झाली, बाकीच्या मागे पडल्या. गाण्यांच्या बाबतीत कंपन्यांना वाद्यवृंदाच्या साथीने गाणारे तालीम घेतलेले आवाज हवे होते. साथीविना गाणाऱ्या शॅन-नोस गायकांना त्या बाजारात जवळपास जागाच नव्हती. त्यांच्यासाठी आयर्लंडमधल्याच गेल लिन आणि क्लॅडा या संस्था उभ्या राहाव्या लागल्या, त्याही १९५० च्या दशकात.

पण हा बाजार आणि ती परंपरा यांच्यात भिंत घालता येत नाही. मार्गारेट बॅरी यांचंच पाहा. कॉर्कमध्ये १९१७ साली जन्मलेल्या, भटक्या समाजातल्या, जत्रांत आणि सामन्यांच्या गर्दीत बॅन्जो वाजवून गाणाऱ्या. लोमॅक्स यांनी त्यांना १९५१ मध्ये मुद्रित केलं. त्यांचं सर्वांत गाजलेलं गीत 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर'. हे त्या कुणा आजीकडून शिकल्या असतील असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्यांनी स्वतः सांगितलं ते असं की नामांकित टेनर जॉन मॅकॉर्मक यांच्या तबकडीवरून त्यांनी ते उचललं. त्या तबकडीमागे १९०९ चं छापील पुस्तक, ज्यात हर्बर्ट ह्यूज यांनी डोनेगॉलमध्ये टिपलेली चाल आणि कवी पॅड्रेक कोलम यांनी जुन्या गीतावरून रचलेले शब्द. म्हणजे खेडं, पुस्तक, तबकडी, रस्ता, मग पुन्हा संग्राहकाची फीत. बॅरी यांचं गाणं ऐका: ठसठशीत, करवतीसारखं धारदार, मॅकॉर्मक यांच्या रेशमी सुरांशी काडीचं साम्य नसलेलं. उगम शोधून त्यावर खरंखोटं ठरवणारे इथे हरतात. मला तर हे गीत त्यांच्याच तोंडी पूर्णपणे पारंपरिक वाटतं.

संग्राहकाच्या फेरीतून काय काय निघू शकतं याचं दुसरं उदाहरण आर्मा काउंटीतल्या कीडी गावचं. तिथल्या सेरा मेकेम यांच्या आवाजातल्या गीताने बीबीसीचा १९५३ ते १९५८ मध्ये चाललेला लोकसंगीताचा कार्यक्रम सुरू होत असे. १९५५ मध्ये अमेरिकेहून डायन हॅमिल्टन त्यांना मुद्रित करायला आल्या, सोबत लियम क्लॅन्सी हा तरुण. घरात त्याची भेट सेराबाईंचा मुलगा टॉमी याच्याशी झाली. दोघे लवकरच अमेरिकेला गेले, आणि लियमच्या भावांसोबत, क्लॅन्सी बंधू व टॉमी मेकेम या नावाने, त्यांनी आयरिश गीतं मोठमोठ्या सभागृहांत आणि १९६१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर पोचवली. आई स्वयंपाकघरात एकटीने गायची, मुलगा गिटार आणि बॅन्जोच्या साथीने हजारोंपुढे.

सगळ्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावी जॉन रायली नावाचे भटक्या समाजातले गृहस्थ एका पडक्या घरात राहत. टॉम मनेली या तरुण संग्राहकाने १९६० च्या दशकात त्यांची गाणी फितीवर घेतली. त्यात विहिरीवर पाणी भरणारी बाई, तिला भेटलेला वाटसरू आणि तिने दडवलेल्या मुलांचं भयंकर रहस्य सांगणारं एक कथागीत निघालं. फ्रान्सिस चाइल्ड यांच्या इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांच्या प्रसिद्ध संग्रहातलं हे एकविसावं गीत इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात तोंडी परंपरेतून कधीच नाहीसं झालं, असं अभ्यासक धरून चालले होते. ते एका गरीब, समाजाने दूर ठेवलेल्या माणसाच्या ओठांवर जिवंत होतं. रायली १९६९ मध्ये वारले, वय जेमतेम चाळिशीचं. प्लँक्स्टी या गटाने १९७३ मध्ये ते गीत मुद्रित केलं आणि ते जगभर गेलं. रायली यांच्या स्वतःच्या आवाजातली तबकडी त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी निघाली. गीत वाचलं याचा आनंद मानताना गायक वाचला नाही हे मला बाजूला ठेवता येत नाही.

रायली यांच्यापर्यंत आयोग का पोचला नव्हता? कारण आयोगाची नजर आयरिश भाषेकडे आणि ती बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या पट्ट्यांकडे होती. भाषा बुडत होती, म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे इंग्रजी गीतं, शहरातली गीतं, गिरणी आणि गोदीतली गीतं, भटक्यांची गीतं बराच काळ दुर्लक्षित राहिली. पूर्णवेळ संग्राहक पुरुष होते, आणि बायका आपसात म्हणत ती गाणी पुरुष पाहुण्यापुढे किती आली असतील याची कल्पना करता येते. ही पोकळी पुढच्या पिढीने काही अंशी भरली. मनेली यांनी नंतर दीड हजारांहून जास्त फिती भरल्या. जिम कॅरल आणि पॅट मॅकेन्झी या जोडीने १९७० च्या दशकात लंडनच्या रस्त्याकडेला मुक्काम करणाऱ्या आयरिश भटक्यांची आणि मग क्लेअर काउंटीतल्या शेतकऱ्यांची गाणी घेतली. क्लेअरच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती मोफत ऐकता येतात.

ऐकायचं असेल तर आज साधनं पुष्कळ आहेत. डब्लिनच्या मेरियन चौकात १९८७ मध्ये स्थापन झालेलं आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालय आहे, त्याचा बराच ऐवज जालावर आहे. लोकसाहित्य आयोगाचा सारा संग्रह डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. डोगेन यांच्या तबकड्या रॉयल आयरिश अकादमीने आणि लोमॅक्स यांच्या फिती त्यांच्या संस्थेने खुल्या केल्या आहेत. हे खुलं करणंही सोपं नव्हतं. मेणावरची बुरशी, तबकडीच्या सुटत चाललेल्या खपल्या, फितीवरून झडणारी चुंबकीय भुकटी, या सगळ्याशी झगडून एकदाच नीट वाजवायचं आणि तेवढ्यात संगणकात उतरवून घ्यायचं, असं ते काम आहे.

हक्कांचंही थोडं समजून घ्यावं, कारण यात गोंधळ होतो. जुन्या गीताचे शब्द आणि चाल कुणाच्या मालकीची नसते, कुणीही गावं. पण त्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर हक्क असतो, युरोपात प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं. न छापलेल्या फितीबाबत चांगली संग्रहालयं गायकाच्या कुटुंबाला विचारतात, कायदा काहीही म्हणो. बेस क्रोनिन यांच्या बाबतीत तर नातवानेच, इतिहासकार डावी ओ क्रोनिन यांनी, २००० मध्ये सगळी गीतं पुस्तक आणि सीडींच्या रूपात एकत्र आणली.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात जो हीनी यांच्यापासून करावी असं मी सुचवेन. आयरिशमध्ये शोसव ओ हेनी. कॉनमारातल्या कार्नाजवळ १९१९ मध्ये जन्म, पुढे इंग्लंडमध्ये मजुरी, न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीच्या दारावर नोकरी, आणि १९८४ मध्ये मृत्यू येण्याआधीची दोन-तीन वर्षं सिॲटलच्या विद्यापीठात गायनाचे शिक्षक. तीस वर्षांत त्यांना गेल लिनने मुद्रित केलं, रेडिओने केलं, इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांनी केलं, विद्यार्थ्यांनी वर्गात केलं. त्यामुळे एकाच गाण्याची त्यांची अनेक मुद्रणं आज शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. एक गाणं निवडा, आयरिश शब्द कळले नाहीत तरी चालेल. एक कडवं दोन मुद्रणांत ऐका आणि हरकती कुठे पडतात, श्वास कुठे घेतला जातो, कोणता शब्द एकदा लांबतो आणि एकदा तसाच सुटतो, याकडे लक्ष द्या. वर्गातल्या मुद्रणात ते गाण्याआधी त्याची गोष्ट सांगतात, तबकडीवर ती नसते. गोष्ट ऐकून तबकडीकडे परत या आणि तेच कडवं पुन्हा लावा.